वाढते वय आणि कार्यस्मृती: चालू कामातला धागा मध्येच का सुटतो?

पळसपान (लक्ष्मीनगर, नागपूर)

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवत असे. निवृत्तीनंतर मला स्वतःला आणि माझ्या वयाच्या मैत्रिणींना एक गोष्ट सातत्याने जाणवत आली आहे. तिच्यावर शास्त्राला धरून चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

आमच्यापैकी बहुतेकींची जुनी स्मरणशक्ती शाबूत आहे. वर्गातली मुले, त्यांची आडनावे, कोण कुठल्या बाकावर बसत असे, हे सगळे आजही सांगता येते. अडचण येते ती काम चालू असताना. बाजारात ४८ रुपये किलोची भाजी सव्वा किलो आणि ३६ रुपये किलोची पाऊण किलो घेतली, तर ६० आणि २७ हे दोन्ही आकडे मनात लगेच येतात. त्यांची बेरीज करून ती २०० रुपयांतून वजा करायच्या आत शेजारून कुणी ‘सांबार (कोथिंबीर) घेतला का?’ असे विचारले, की ६० हा आकडाच निसटतो. पाढा विसरलेला नसतो, बेरजेची रीतही विसरलेली नसते. विसरला जातो तो काही सेकंदांपूर्वी आपणच काढलेला आकडा.

माहिती हाताशी धरून त्याच वेळी तिच्यावर काम करण्याच्या या क्षमतेला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तिची जी मांडणी केली, ती थोड्याफार बदलांसह आजही शिकवली जाते. ऐकलेले शब्द आणि आकडे मनातल्या मनात उच्चारून जिवंत ठेवणारा एक भाग, पाहिलेल्या आकृती आणि जागा धरून ठेवणारा दुसरा भाग, आणि लक्ष कुठे व किती द्यायचे हे ठरवणारा नियंत्रक, अशी तिची मूळ रचना आहे; या सर्वांची दीर्घकालीन स्मृतीशी सांगड घालणारा आणखी एक भाग बॅडली यांनी २००० मध्ये जोडला. या स्मृतीची मर्यादा तरुणपणीही फार मोठी नसते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ती सुमारे सात घटकांची सांगितली होती. पाठ करण्याची किंवा गट पाडण्याची सोय काढून घेतली, तर ती चारच्या आसपास येते, असे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडले.

शिक्षिका म्हणून हीच क्षमता मी दुसऱ्या टोकाकडून पाहिली आहे. पाचवीतल्या मुलाला बेरीज येते, गुणाकार येतो, भागाकारही येतो. मात्र तीन पायऱ्यांच्या शाब्दिक उदाहरणात दुसऱ्या पायरीवर पोहोचेपर्यंत पहिलीचे उत्तर त्याच्या मनातून गेलेले असते. त्याला आपण ‘लक्ष नाही’ म्हणून रागावतो. प्रत्यक्षात त्याची कार्यस्मृती अजून वाढत असते आणि किशोरवयापर्यंत ती वाढत राहते. घरातल्या वृद्धालाही तेच ‘लक्ष नाही तुमचे’ ऐकावे लागते, याचे मला फार वाईट वाटते.

वयाबरोबर या क्षमतेतले नेमके काय कमी होते, साठवण की नियंत्रण? हा बदल केव्हा सुरू होतो? आणि घरच्यांनी, बँकेतल्या कर्मचाऱ्यांनी, डॉक्टरांनी वृद्धांशी बोलताना त्याचा विचार कसा करावा? या विषयाचा अभ्यास असणाऱ्यांनी कृपया लिहावे.

मनोमापन (धरमपेठ, नागपूर)

पळसपान ताई, मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. आपल्या प्रश्नाचा गाभा साठवण आणि नियंत्रण यांतल्या भेदात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

एखाद्याला ७, २, ९, ४, १ असे आकडे ऐकवून त्याच क्रमाने परत म्हणायला सांगितले, तर ती बव्हंशी निव्वळ साठवण होते. या चाचणीत पंचविशीतली आणि सत्तरीतली व्यक्ती यांच्यातला फरक बराच लहान असतो. आकडे लहानाकडून मोठ्याकडे लावून सांगायला लावले, किंवा प्रत्येक आकड्यानंतर एक वाक्य वाचून ते खरे की खोटे हे ठरवायला लावले, की दोन वयांतले अंतर ठळकपणे वाढते. धरून ठेवणे आणि धरलेल्यावर काम करणे ही दोन्ही कामे एकत्र आली, की वयाचा परिणाम दिसतो. आपल्या हिशेबात नेमके हेच घडते.

हा बदल साठीनंतर अचानक होत नाही. डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये विशीपासून नव्वदीपर्यंतच्या प्रौढांच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत कार्यस्मृती आणि विचारप्रक्रियेचा वेग यांची रेषा विशीनंतर हळूहळू, जवळपास सरळ उतरत गेलेली दिसते. शब्दसंग्रहाची रेषा मात्र उतरत नाही, ती वर जाते. एकाच मेंदूत एक गोष्ट कमी होत असताना दुसरी वाढत असते. चाळिशीत आपल्याला उतार जाणवत नाही, कारण तोवर अनुभवाने त्याची भरपाई केलेली असते. हे सारे सरासरीचे चित्र आहे, हेही लक्षात ठेवावे. वय वाढते तशी माणसामाणसांतली तफावतही वाढते, आणि पंच्याहत्तरीतल्या काही व्यक्ती पन्नाशीतल्या अनेकांच्या पुढे असतात.

कारणांविषयी मुख्यतः तीन मते आहेत. टिमोथी सॉल्टहाउस यांनी १९९६ मध्ये वेगाचे मत सविस्तर मांडले. मेंदूची प्रत्येक क्रिया थोडी मंदावते. त्यामुळे दुसरी पायरी पूर्ण होईपर्यंत पहिलीचे फलित विरून जाते. फर्गस क्रेक यांचा भर वेगळा आहे. त्यांच्या मते जिथे आठवण्याची सुरुवात स्वतःच करावी लागते तिथे वयाचा परिणाम जास्त होतो, आणि समोर खूण, यादी किंवा पर्याय असेल तिथे तो कमी होतो.

तिसरे मत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. लिन हॅशर आणि रोझ झॅक्स यांनी १९८८ मध्ये असे सुचवले, की नको असलेली माहिती बाहेर ठेवण्याची आणि काम झालेली माहिती बाहेर काढण्याची शक्ती वयाबरोबर क्षीण होते. स्वयंपाकाच्या ओट्याचे उदाहरण घेऊ. ओटा तेवढाच असतो. पण वापरून झालेली भांडी उचलली जात नाहीत आणि बाहेरून आलेले कुणीही त्यावर आपली पिशवी ठेवून जाते, त्यामुळे पोळी लाटायला जागा उरत नाही. ॲडम गॅझली यांच्या गटाने २००५ मध्ये याचा मेंदूतला पुरावा दिला. सहभागी व्यक्तींना चेहरे आणि निसर्गदृश्ये दाखवली आणि त्यांतले एकच लक्षात ठेवून दुसऱ्याकडे दुर्लक्ष करायला सांगितले. जे लक्षात ठेवायचे त्याला प्रतिसाद देण्यात वृद्धांचा मेंदू तरुणांइतकाच सक्षम होता. ज्याकडे दुर्लक्ष करायचे त्याचा प्रतिसाद दाबण्यात मात्र तो कमी पडला, आणि ज्यांच्यात ही उणीव जास्त होती त्यांची स्मृतीही अधिक कमजोर ठरली.

आपल्या सांबाराच्या प्रसंगाला त्याच गटाचा २०११ मधला अभ्यास अगदी लागू पडतो. काम चालू असताना मध्येच दुसरे काम दिले, तर तरुण आणि वृद्ध दोघेही तिकडे वळतात. तरुणांचा मेंदू ते काम सोडून मूळ कामाशी पुन्हा जोडला जातो. वृद्धांच्या मेंदूला मधले काम सोडणे आणि मूळ धाग्याशी परत जुळणे, दोन्ही जड जाते. ६० हा आकडा निव्वळ वेळ गेल्यामुळे पुसला गेला असे नाही. सांबाराच्या प्रश्नाने जागा घेतली आणि परतीची वाट बंद झाली.

याला शरीरातला आधारही आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग, म्हणजे अग्रललाट प्रदेश, या कामात प्रमुख असतो. समोरची वस्तू दिसेनाशी झाल्यावरही तिची आठवण टिकवण्यासाठी तिथल्या काही चेतापेशी सतत संदेश देत राहतात. येल विद्यापीठात माकडांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वयस्क माकडांच्या या पेशींचे संदेश मंदावलेले आढळले.

इतवारी (नागपूर)

मनोमापन सर, आपले विवेचन अभ्यासपूर्ण आहे. तरीही उताराची ही भाषा मला पूर्णपणे मान्य नाही, आणि माझे कारण मी मांडतो.

आमचा कापडाचा व्यापार. माझे शिक्षण सुरू झाले तेव्हा रुपयाचे १६ आणे होते. दशमान नाणी १९५७ मध्ये आली. आमच्याकडून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी यांचे, म्हणजे पावपटीपासून साडेतीनपटीपर्यंतचे, पाढे रोज संध्याकाळी दिवा लागल्यावर मोठ्याने म्हणून घेतले जात. बाराची सवायकी पंधरा आणि सोळाची दिडकी चोवीस हे मला काढावे लागत नाही. ते समोर येऊन उभे राहते. आज माझे वय ऐंशीच्या जवळ आहे. साडेतीन मीटर कापडाचा हिशेब मी औटकीने सांगतो, तोवर दुकानातला तरुण मुलगा खिशातून मोबाईल काढत असतो. कार्यस्मृती माझी कमी झाली असेल तर ती या कामात दिसत का नाही?

माझे म्हणणे एवढेच, की प्रयोगशाळेत माणसाला अनोळखी आणि निरर्थक आकडे देऊन तपासले, तर ज्या गोष्टीवर त्याने आयुष्यभर मेहनत केली ती तपासलीच जात नाही.

मनोमापन

इतवारी काका, आपला आक्षेप योग्य आहे आणि संशोधनातही तो गांभीर्याने घेतला गेला आहे. आपण पाढ्यांचे जे उदाहरण दिले त्यात कार्यस्मृतीवर भार जवळजवळ पडतच नाही, कारण साडेतीन पट काढण्याच्या मधल्या पायऱ्या दीर्घकालीन स्मृतीने आधीच करून ठेवलेल्या आहेत. तरुण मुलाला तिप्पट काढून, ती धरून ठेवून, निम्मे काढून मिळवायचे असते. आपल्याला एकच गोष्ट उचलायची असते. ज्यांनी ते पाढे रचले त्यांनी या मर्यादेवर काढलेला तो फार हुशार उपाय होता, असे मला मनापासून वाटते.

असाच एक प्रसिद्ध प्रयोग ॲन्डर्स एरिक्सन, विल्यम चेस आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८० मध्ये प्रसिद्ध केला. एका सामान्य स्मरणशक्तीच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने दीड वर्षाहून अधिक काळ सराव करून एकदा ऐकलेले सुमारे ८० आकडे क्रमाने म्हणण्यापर्यंत मजल मारली. तो धावपटू होता आणि आकड्यांचे गट शर्यतींच्या वेळा म्हणून मनात बसवत असे. त्याच विद्यार्थ्याला आकड्यांऐवजी अक्षरे दिली, तेव्हा तो पुन्हा सहाच्या आसपास आला. त्याची मूळ क्षमता वाढली नव्हती. आकड्यांना बसायला ओळखीची घरे तयार झाली होती.

बुद्धिबळातही हेच दिसते. चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये दाखवले, की खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद पाहून निष्णात खेळाडू ती जवळपास तशीच पुन्हा लावतो, आणि मोहरी वाटेल तशी विखुरली की त्याचा नवशिक्यावरचा वरचष्मा जवळजवळ नाहीसा होतो. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये वयाच्या १९ व्या वर्षी महिला विश्वचषक जिंकला, त्यामुळे शहरात घरोघरी पट बाहेर आले आहेत. नातवंडांबरोबर खेळणाऱ्या आजोबांनी एवढे लक्षात ठेवावे, की ओळखीच्या मांडणीत त्यांचा अनुभव उपयोगी पडेल. अनोळखी मांडणीत, घड्याळ लावून, चार चाली पुढचे मनात धरताना नातवाचे वय उपयोगी पडेल.

तेव्हा काका, आपले म्हणणे आणि ते आलेख या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. प्रश्न उभा राहतो तो आयुष्यात नवीन गोष्ट आल्यावर. ज्या कामासाठी कुठलाही पाढा तयार नाही, उदाहरणार्थ अनोळखी ॲप किंवा बँकेचा नवा अर्ज, तिथे अनुभवाची भरपाई मिळत नाही आणि मूळ क्षमतेवरच सगळा भार पडतो.

वर्धा_रोड (नागपूर)

नेमक्या याच कारणासाठी मी हा धागा वाचते आहे. माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. वर्तमानपत्र रोज अथपासून इतिपर्यंत वाचतात आणि त्यावर चांगली चर्चा करतात. पैसे पाठवताना मोबाईलवर सहा अंकी ओटीपी येतो, तो पाहून परत आधीच्या पडद्यावर येईपर्यंत शेवटचे दोन अंक त्यांच्या मनातून जातात, वेळ संपते, आणि ते इतके अस्वस्थ होतात की पुढे प्रयत्नच करत नाहीत. गेल्या वर्षापासून त्यांनी चारचौघांत बोलणेही कमी केले आहे. हे वयाचे आहे की आजाराची सुरुवात आहे, हे आम्ही कसे ओळखावे? आईला रात्री झोप लागत नाही या काळजीने.

मेडिकल_चौक (नागपूर)

ताई, मी फिजिशियन आहे आणि माझ्या रुग्णांत वृद्धांचे प्रमाण मोठे आहे. रुग्णाला न तपासता निदान करता येत नाही, त्यामुळे इथे सर्वसाधारण गोष्टीच सांगतो.

ओटीपीचे अंक निसटणे हा कार्यस्मृतीचा प्रश्न आहे आणि निरोगी वृद्धांतही तो सर्रास आढळतो. अल्झायमरची सुरुवात बहुधा वेगळ्या ठिकाणी होते. काल पाहुणे आले होते ही घटनाच आठवत नाही, आठवण करून दिल्यावरही ‘हो, बरोबर’ अशी ओळख पटत नाही, तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारला जातो, आणि आधी विचारला होता याची जाणीव नसते. रोजच्या वाटेवर चुकणे, आयुष्यभर सांभाळलेला व्यवहार सांभाळता न येणे, स्वभावात मोठा बदल, यांपैकी काही असेल तर तपासणीला उशीर करू नये. नाव जिभेवर येऊन अडकणे आणि अर्ध्या तासाने आपोआप आठवणे ही गोष्ट वेगळी आहे.

बाबांनी बोलणे कमी केले, याकडे मात्र मी अधिक लक्ष देईन. त्यांचे कान तपासून घ्या. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला प्रत्येक वाक्यातले अर्धवट शब्द अंदाजाने पुरे करावे लागतात आणि त्या अंदाजातच त्याची कार्यस्मृती खर्ची पडते, त्यामुळे वाक्य ऐकू आले तरी त्याचा आशय टिकवायला काही शिल्लक राहत नाही. घरच्यांना ते विसरणे वाटते, आणि रुग्ण हळूहळू माणसांतून उठून बाजूला बसू लागतो. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांचा आढावा घेणाऱ्या, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात अशी १४ कारणे दिली आहेत आणि त्यांत श्रवणदोष आहे. मोठ्याने बोलणे पुरेसे नाही. समोर बसून, पंखा आणि टीव्ही बंद करून बोलून पाहा. फरक पडला तर कारणाचा अर्धा उलगडा झाला.

उदासीनताही (डिप्रेशन) अशीच दिसते. तिच्यात विचार मंदावतो, लक्ष टिकत नाही, आणि ती उपचाराने सुधारते, म्हणून तिची विचारपूस आवर्जून करावी.

यानंतर औषधांची पिशवी घेऊन बसा. सर्दीच्या साध्या गोळ्यांत असणारी जुन्या पिढीतली ॲलर्जीरोधक औषधे, लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिलेल्या काही गोळ्या, आणि झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेले ॲमिट्रिप्टिलीन, ही औषधे मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या कामात अडथळा आणतात. दोन-तीन डॉक्टरांकडून अशी दोन-तीन औषधे आली, की सत्तरीतल्या माणसाची एकाग्रता ढासळते. औषध स्वतःहून बंद करू नका. यादी करून आपल्या डॉक्टरांना दाखवा. मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि शाकाहारी व्यक्तींत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळते. ती आणि थायरॉईडची कमतरता साध्या रक्ततपासणीत कळते आणि भरून काढता येते.

नागपूरकरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा घरात बसलेल्या वृद्धांचेही पाणी कमी होते, कारण वयाबरोबर तहानेची जाणीवच मंदावते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले सोडियमही उतरू शकते. माणूस दोन-तीन दिवसांत गोंधळल्यासारखा होतो, वेळकाळाचे भान सुटते, आणि नातेवाईक म्हणतात की म्हातारपणाने विसरायला लागले. स्मृतिभ्रंश असा दोन दिवसांत येत नाही. अचानक आलेला गोंधळ ही तातडीची बाब समजून त्याच दिवशी रुग्णालयात यावे, ही सर्वांना कळकळीची विनंती आहे.

फुटाळा (नागपूर)

मेंदूच्या व्यायामाची ॲप हल्ली पुष्कळ निघाली आहेत. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात वार्षिक वर्गणी भरून सर्वांसाठी एक ॲप घ्यावे, असा प्रस्ताव आहे. रोज खेळल्याने कार्यस्मृती खरोखर वाढते का?

मनोमापन

खेळात गुण वाढतात, हे निश्चित. त्याचा लाभ खेळाबाहेर किती पोहोचतो, हा खरा प्रश्न आहे. २००८ मध्ये सुझान येगी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने मोठी आशा निर्माण केली होती, की कार्यस्मृतीच्या सरावाने एकंदर तर्कबुद्धीही वाढते. त्यानंतर अनेक अभ्यास झाले. मोनिका मेल्बी-लेर्वोग, थॉमस रेडिक आणि चार्ल्स ह्यूम यांनी २०१६ मध्ये ते एकत्र तपासले, तेव्हा ज्याचा सराव केला त्याच्यासारख्याच कामांत सुधारणा दिसली. तर्क, वाचन किंवा गणित यांत खात्रीलायक सुधारणा दिसली नाही. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने लुमॉसिटी या ॲपच्या कंपनीशी तडजोड केली. वयाबरोबर होणारी घसरण रोखण्याचे दावे पुराव्याशिवाय केल्याच्या आरोपावरून कंपनीने २० लाख डॉलर भरले.

वृद्धांवर झालेल्या मोठ्या प्रयोगांपैकी एक अमेरिकेतला ‘ॲक्टिव्ह’ हा आहे. ६५ वर्षांवरील २,८३२ व्यक्तींना त्यात स्मरणाचे, तर्काचे किंवा वेगाचे प्रशिक्षण दिले, आणि एका गटाला कुठलेही दिले नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार प्रत्येक गट आपापल्या विषयात सुधारला, दुसऱ्याच्या विषयात नाही. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा तर्क आणि वेग यांचा लाभ काही प्रमाणात टिकलेला होता, स्मरणाच्या प्रशिक्षणाचा टिकला नव्हता.

माझा सल्ला विचाराल तर ती वर्गणी भरू नये. त्या पैशांत मंडळातल्या सर्वांची श्रवणचाचणी होऊ शकेल. कुणाला खेळात आनंद मिळत असेल तर त्याने जरूर खेळावे. उपचार म्हणून मात्र विकत घेऊ नये. अंबाझरीला किंवा सेमिनरी हिल्सवर रोज भरभर चालण्याचा फायदा स्मृतीपुरता पाहिला तरी माफकच आहे. मात्र हृदय, रक्तदाब आणि साखर यांच्यामार्फत तो मेंदूपर्यंत पोहोचतो आणि त्याला वर्गणी लागत नाही.

पळसपान

सर्वांच्या प्रतिसादांमुळे माझ्या मूळ प्रश्नाला बरीच स्पष्टता आली. अडचण मुख्यतः मध्येच येणाऱ्या गोष्टी बाहेर ठेवण्यात आणि परत जुळण्यात असेल, तर उपाय त्या माणसाच्या डोक्यात शोधण्याआधी त्याच्या भोवतालात शोधायला हवा.

मी वर्गात शाब्दिक उदाहरण सोडवून घेताना प्रत्येक पायरीचे उत्तर समासात लिहायला लावत असे. कागदाने साठवण केली की मुलाचे सगळे बळ विचाराला मिळते. तीच पद्धत मी आता स्वतःसाठी वापरते. हिशेबातला मधला आकडा बोटावर किंवा पिशवीतल्या चिठ्ठीवर जातो, आणि काम अर्धवट सोडून उठावे लागले तर उठण्याआधी पुढची पायरी एका ओळीत लिहून ठेवते. क्रेक यांच्या मताविषयी सरांनी लिहिले ते वाचल्यावर याचा उपयोग का होतो हेही कळले: परतल्यावर आठवण्याची सुरुवात मला करावी लागत नाही, ती ओळ करते.

वर्धा रोड ताई, बाबांसाठी ओटीपी आधी कागदावर उतरवून घ्यावा आणि मग कागदावरून भरावा. वेळ संपली तर दुसरा मागवता येतो, हे त्यांना शांतपणे दाखवून ठेवावे. काळजी स्वतःच कार्यस्मृतीतली जागा व्यापते. परीक्षेत घाबरलेल्या हुशार मुलांत हे मी वारंवार पाहिले आहे. ओटीपी कुणाला फोनवर सांगायचा नाही, हे त्याच कागदावर ठळक अक्षरांत छापलेले असावे.

घरच्यांनी आणि कार्यालयांतल्या लोकांनी एका वाक्यात एकच सूचना द्यावी, अशी माझी विनंती आहे. ‘हा अर्ज भरा, मागे सही करा, आधारची प्रत जोडा आणि तीन नंबरच्या खिडकीवर द्या’ हे एका दमात ऐकवले जाते, आणि शेवटची गोष्ट ऐकेपर्यंत पहिली गेलेली असते. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारक हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभे असतात. तिथे भिंतीवर मोठ्या अक्षरांत क्रमाने चार पायऱ्या लावल्या, तर कित्येकांचा अपमान टळेल. मोबाईल क्रमांक सांगतानाही हाच विचार व्हावा. मराठीत ‘अठ्ठेचाळीस’ ऐकताना आठ आधी कानावर पडतो आणि लिहायचा असतो चार आधी; जोडीजोडीने भरभर सांगितले की प्रत्येक जोडी उलटून लिहावी लागते आणि तेवढ्यात पुढची येते. एकेक अंक, तीन-तीन-चार असे थांबत सांगितला तर हा भार उरत नाही.

इतवारी काकांच्या एका मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. जे काम आयुष्यभर उत्तम केले ते वृद्धाच्या हातून ‘तुम्हाला जमणार नाही’ म्हणून काढून घेऊ नये.

वर्धा_रोड

सर्वांचे मनापासून आभार. बाबांची श्रवणचाचणी झाली. दोन्ही कानांत मध्यम स्वरूपाचा दोष निघाला आणि रक्तात ब-१२ सुद्धा कमी आहे. ब-१२ साठी उपचार सुरू झाले आहेत. श्रवणयंत्राला मात्र त्यांचा ठाम नकार आहे. यंत्र लावून विसरणे थांबणार आहे का, असे ते विचारतात. त्यांना काय उत्तर द्यावे?

मेडिकल_चौक

त्यांना खरे तेच सांगावे. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या व्यक्तींवर तीन वर्षे झालेल्या ‘अचीव्ह’ या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सर्वांचा एकत्रित विचार केला तर श्रवणयंत्रामुळे बौद्धिक घसरणीत लक्षणीय फरक पडला नाही. ज्यांच्यात हृदयविकार, मधुमेह यांसारखे धोके आधीपासून जास्त होते त्या गटात मात्र घसरण सुमारे ४८ टक्क्यांनी मंदावली. विसरणे थांबेल असे वचन देऊ नका. ऐकण्यासाठी आज त्यांना जे कष्ट पडतात ते कमी होतील आणि गप्पांत पुन्हा भाग घेता येईल, एवढे निश्चित सांगता येते.

यंत्र घेतल्यावर पहिले काही आठवडे त्रासाचे असतात. इतकी वर्षे न ऐकलेले पंख्याचे, भांड्यांचे आणि रस्त्याचे आवाज एकदम कानावर येतात, आणि ते बाजूला सारण्याचे कामही मेंदूलाच करावे लागते. म्हणून सुरुवात शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना, दिवसाला एक-दोन तासांपासून करावी. लग्नाच्या मांडवात किंवा बर्डीच्या गर्दीत पहिल्याच आठवड्यात नेऊ नये. बहुतेक यंत्रे तिथूनच कपाटात जातात. दोन आठवड्यांनी ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) आवाजाची पातळी पुन्हा जुळवून घ्या, आणि ब-१२ ची तपासणी तीन महिन्यांनी करा.